कडीच्या चार बोटं खाली

विम्याची बाई रविवारी चार वाजता येणार म्हटल्यावर आईंनी शनिवारी सकाळीच धाकट्या सुनेला वर बोलावून घेतलं, दार लोटायला लावलं आणि म्हणाल्या, "उद्या तुझी ती टेप कपाटात ठेव."

धाकटी शिवणकाम करायची. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिची चार मशिनं होती आणि गळ्यात दिवसभर टेप. चष्मा विसरेल, गॅसवर ठेवलेलं दूध विसरेल, पण टेप विसरायची नाही.

"का हो आई?"

"का म्हणजे काय? परक्या माणसासमोर गळ्यात टेप अडकवून बसायचं, बरं दिसतं का?"

चौदा वर्षांत आईंनी त्या टेपला कधी नाव ठेवलं नव्हतं. उलट नातेवाइकांत मिरवायच्या, आमची धाकटी नुसत्या नजरेनं माप सांगते म्हणून. तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय एवढं धाकटीच्या लक्षात आलं. पण गुडघे संपावर गेल्यापासून आई आठ महिने वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या, खिडकीतून मागच्या घराची पाण्याची टाकी बघत होत्या, आणि या रविवारवर त्यांचं सगळं लक्ष लागलं होतं. विमा उतरला की त्यांनी खाली बोळाकडच्या खोलीत राहायला यायचं, असं ठरलं होतं. त्या खोलीच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. धाकटीनं वाद घातला नाही. टेप कपाटात गेली.

रविवारी पावणेचारला दोघा मुलांनी आईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. थोरला बस डेपोत कंट्रोलर होता आणि घरातही त्याला सगळे कंट्रोलरच म्हणायचे. जिन्यावर त्याचं सुरू झालं, "डावीकडे घे. थोडं मागे, मागे, बस्स!" धाकटा सुतार होता, वडिलांचा धंदा चालवणारा. मुकाट्यानं जास्तीचं वजन त्यानंच उचललं होतं. शेवटच्या पायरीवर आई म्हणाल्या, "अरे, माणूस उतरवताय की गाडी धुवायला लावताय?"

ताई आधीच येऊन बसली होती. ताई म्हणजे दोघांच्या मधली बहीण, इस्पितळात नर्स, गावातल्या टेकडीवर सातव्या मजल्यावर राहणारी. आईनं आपल्याकडे यावं म्हणून ती आठ महिने टुमणं लावून होती. "माझ्याकडे लिफ्ट आहे," हे तिचं पालुपद.

"अकरा दिवस राहून आले की तुझ्या लिफ्टजवळ," आई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतात. अकरा दिवसांत एकानं विचारलं नाही की म्हातारे, कुठली तू?"

तेवढ्यात विम्याची बाई आली. उंचनिंच, तिशीची, पाठीवर सॅक आणि हातात मोजणी-यंत्राची तिपाई. चपला काढल्या, नमस्कार केला, आणि "आधी खोल्या बघते," म्हणत थेट बोळाकडच्या खोलीकडे निघाली.

"डोकं!" पाचही जण एकदम ओरडले.

ओरडायला उशीर झाला होता. या खोलीचं दार जेमतेम साडेपाच फुटांचं. घरात आलेल्या प्रत्येक माणसानं तिथं एकदा कपाळ आपटलेलं होतं, आणि प्रत्येकाला इशारा आपटल्यानंतरच मिळाला होता.

"लागलं का हो?" ताईनं कपाळाला बर्फ लावला आणि बर्फ लावता लावता दाराचा इतिहास सांगून टाकला. दार नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्वतः केलेलं. कडी बघा किती खाली आहे, जमिनीपासून दोन फुटांवर. का? तर छोट्या ताईचा हात पोचावा म्हणून. सांगताना दर वेळी तिचा आवाज भरून यायचा, तसा आजही आला.

"आणि ही रेघ," कंट्रोलरनं सूत्रं हातात घेतली. कडीच्या खाली दारावर आडवी लाल रेघ होती, तेलरंगाची, चकचकीत. "एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा महापूर. पाणी इथवर आलं होतं. कडीच्या चार बोटं खाली. नानांचे शब्द. यापुढे इंचभर नाही."

ही रेघ म्हणजे या घरापुरती काळ्या दगडावरची रेघ. दर वर्षी पावसाळ्याआधी कंट्रोलर ती बारीक ब्रशनं नव्यानं रंगवायचा आणि सगळ्यांनी मागं उभं राहून बघायचं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा आधी रेघ दाखवली होती, मग मोरी.

"म्हणजे गुडघ्याच्या जरा वर," बाईनं वहीत लिहिलं. "जमिनीपासून एकवीस इंच. तेव्हा तुम्ही होता इथं?"

"मी आणि ताई मामाकडे होतो. हा तर जन्मायचा होता. पण नाना होते."

आई चहात बिस्कीट बुडवत होत्या. बिस्कीट कधीच विरघळलं होतं, तरी त्या बुडवत होत्या.

बाईनं टेबलावर नकाशा पसरला. नदी गडद निळी, तिच्या कडेचा पट्टा फिका निळा, आणि त्या फिक्या निळ्यात बोटाच्या टोकाएवढं यांचं घर. "शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हा पट्टा," ती म्हणाली.

कंट्रोलरचा चेहरा खुलला. "मग झालं तर! एक्केचाळीस वर्षं झाली. अजून एकोणसाठ आहेत. एकोणसाठ वर्षं हप्ता कशाला भरायचा?"

"काका, पूर म्हणजे तुमच्या डेपोची गाडी नाही, गेली की पुढची अमुक वाजता. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी येणार नाही असं नाही. तीस वर्षं या घरात राहिलात तर एकदा तरी पाणी बघण्याची शक्यता चारात एक."

"गाड्यासुद्धा तशाच येतात याच्या," आई म्हणाल्या. "एकही नाही, नाहीतर तीन एकदम."

घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, बाईनं सांगितलं. तो वेगळा घ्यायचा, इमारतीचा निराळा, सामानाचा निराळा. तुमची शिवणाची मशिनं सामानात येतील, पण तशी नोंद हवी. आणि आज सही केली तरी तो लागू व्हायला तीस दिवस जातात, म्हणून ढग बघून विमा घ्यायला धावायचं नसतं. धाकटी कान देऊन ऐकत होती. मशिनांवर तिचा जीव होता, आणि नदीवर मात्र तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

मग बाई उठली. शेजारच्या छापखान्याच्या भिंतीवर नगरपालिकेनं त्याच पुराची खूण कोरलेला दगड होता. तिनं बोळात तिपाई उभी केली, एक डबीएवढं यंत्र दगडाच्या खुणेला जुळवलं आणि कळ दाबली. यंत्रातून लाल उजेडाची सरळ रेघ निघाली, उघड्या खिडकीतून खोलीत शिरली, भिंतीवरून चालत गेली आणि त्या ठेंगण्या दारावर येऊन थांबली.

आता दारावर दोन लाल रेघा होत्या. एक रंगाची, एक उजेडाची. उजेडाची रेघ कडीच्याही बरीच वर होती.

"यंत्र बिघडलंय," कंट्रोलर म्हणाला.

"छापखान्यात जास्त पाणी भरलं असेल," ताई म्हणाली. कंट्रोलरची आणि तिची गेल्या दहा वर्षांत एकमतानं बोललेली ही पहिलीच गोष्ट.

"ताई, पाणी सगळीकडे एका पातळीत उभं राहतं," बाई शांतपणे म्हणाली. "ते छापखान्यात एवढं आणि तुमच्याकडे आल्यावर संकोचानं तेवढं, असं करत नाही."

"आमचे नाना खोटं बोलायचे नाहीत!"

"मी कुठं म्हणते? मी दोन्ही आकडे मांडले. फॉर्ममध्ये विचारलंय, पाणी घरात किती शिरलं होतं. काय लिहायचं ते तुम्ही सांगा. सही तुमची." तिनं पेनाचं टोपण काढलं. "फक्त एवढं लक्षात घ्या. खरं लिहिलंत तर हप्ता वाढेल, पण वेळ आली तर पैसे मिळतील. चुकीचं लिहिलंत तर हप्ता कमी, आणि पाणी आल्यावर कंपनी तो छापखान्याचा दगड दाखवून हात वर करेल."

"एकवीस इंच लिहा," कंट्रोलर म्हणाला.

धाकटी दाराशी गेली. टेप कपाटात होती, पण हात कुठं कपाटात ठेवता येतात? तिची एक वीत म्हणजे बरोबर नऊ इंच. तिनं रंगाच्या रेघेवर अंगठा टेकवला आणि उजेडाच्या रेघेपर्यंत मोजलं. दोन विती. दीड फूट. मग तिची नजर दाराच्या खालच्या भागावर गेली. दाराला तीन पॅनल होते, प्रत्येकात नानांनी कोरलेलं एक पान. वरचे दोन अडीच अडीच विती. खालचा अर्ध्या वितीचासुद्धा नव्हता, आणि पानाचं नुसतं टोक वर आलेलं. चौदा वर्षं ती ही नानांची कलाकुसर समजत होती. आज तिनं ते दार आयुष्यात पहिल्यांदा शिंपिणीच्या नजरेनं बघितलं. उसवलेली पोलकी आणि आखूड केलेल्या पँटी बघण्यात तिचा जन्म गेला होता. हे दार खालून कापलेलं होतं.

तिनं वळून आईंकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको.

तेव्हा टेप का कपाटात गेली ते धाकटीला कळलं, आणि आईंनी काय मागितलं होतं तेही कळलं. खरा आकडा फॉर्मात गेला की एवढ्या पाण्याच्या खोलीत मुलं आईंना ठेवणार नाहीत, म्हणजे आईंची खोली गेली. दोन रेघांमध्ये एका म्हातारीची खिडकी होती. धाकटीनं मूग गिळले. सासूबाईंवर तिची माया होती, आणि आठ महिने टाकीकडे बघणारं माणूस तिनं रोज दोन वेळा जेवायला वाढताना पाहिलं होतं.

कंट्रोलरनं पेन घेतलं आणि सहीसाठी वाकला.

"भाऊजी, थांबा!"

तिचं तिलाच कळलं नाही कधी ओरडली ते. "काय गं?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली. डोळे मात्र भरून आले.

आईंनी बशी खाली ठेवली. "तिला कशाला विचारता? मला विचारा. मी होते ना त्या पाण्यात."

कंट्रोलरनं पेन खाली ठेवलं.

"ते आपलं पुढचं दार होतं," आई म्हणाल्या. "सात फुटी. पाणी त्याच्या कडीच्या चार बोटं खाली आलं होतं, म्हणजे माझ्या कमरेच्या वर. दोन दिवस मी आणि तुमचे नाना माळ्यावर बसून काढले. पाणी उतरल्यावर नानांनी त्या खुणेवर रेघ मारली, आणि बघतो तर दार खालून कुजलेलं. नाना सागवान टाकून देणारे होते का? दीड फूट कापलं आणि या खोलीला लावलं. कडीही खाली आली आणि रेघही. नाना खोटं बोलले नाहीत. आजही रेघ कडीच्या चार बोटं खालीच आहे की."

पहिला आवाज सुतारानं काढला, आणि तो कण्हण्याचा होता. "आई, मग तो खालचा अर्धा पॅनल... ती नानांची पद्धत नव्हे?"

"कसली पद्धत? उरलं तेवढं उरलं."

"अगं, मी अकरा गिऱ्हाइकांना अशी दारं करून दिलीत! खालचा पॅनल मुद्दाम आखूड. 'आमच्या घराण्याची खासियत' म्हणून सांगितलं मी लोकांना!"

विम्याची बाई खोकल्यासारखं करून नकाशात शिरली. धाकटीला रडता रडता हसू फुटलं. ताई मात्र हसत नव्हती. ती दाराजवळ जाऊन कडीवर हात ठेवून उभी होती.

"म्हणजे कडी माझ्यासाठी खाली नव्हती लावली?"

"बाळा, चार वर्षांची तू स्टूल ओढत न्यायचीस आणि पुढच्या दाराची वरची कडी काढून रस्त्यावर पळायचीस. तुझा हात पोचू नये म्हणून आमचा जीव जायचा. तुझ्यासाठी कोण कडी खाली आणेल?"

ताईनं नाक ओढलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, वॉर्डातल्या डॉक्टरांना धाकात ठेवणारी, पण वडिलांची ही एवढीशी गोष्ट हातातून गेली तेव्हा तिचा चेहरा लहान झाला.

"पण मग नानांनी रेघ पुसली का नाही?" कंट्रोलरनं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "चाळीस वर्षं मी खोटी रेघ रंगवतोय! लोकांना आणून दाखवतोय!"

"नाना पुसत होते. मी नको म्हणाले."

"का?"

आईंनी आधी विम्याच्या बाईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एवढ्या माणसांसमोर सांगावं की नाही याचा विचार करत असाव्यात. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी. नऊ वर्षांचा होतास. मामाकडून परत आलास, भिंतींवरचा चिखल बघितलास आणि महिनाभर झोपला नाहीस. रोज विचारायचास, आई, पाणी कुठवर आलं होतं? मी सांगायचे, थोडंसंच. तुला पटायचं नाही. मग एका संध्याकाळी नाना तुला हाताला धरून या दाराशी घेऊन आले. तू रेघेला मांडी लावून बघितलीस. म्हणालास, 'एवढंच? मग मी बुडलो नसतो.' आणि त्या दिवशी जेवून झोपलास ते सकाळी उठलास. मग कोण पुसणार ती रेघ?"

कंट्रोलरनं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घातली, परत उघडली आणि पुन्हा कपाळ पुसलं.

"बरं, तेव्हाचं समजलं," ताई म्हणाली. नर्सचा आवाज परत आला होता. "पण आता हा पन्नास वर्षांचा आहे. दीडशे गाड्या सांभाळतो. आता का नाही सांगितलंस?"

आईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "आता मला ती खोली हवी होती."

मग आकडा लिहायला वेळ लागला नाही. एकोणचाळीस इंच. कंट्रोलरनं स्वतः खाडाखोड करून लिहिला आणि खाडाखोडीशेजारी सही केली. इमारत लिहिली, सामान लिहिलं, चार मशिनं लिहिली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि धाकटीला सारखं वाटत होतं की आपण आईंना वचन न देता दिलेलं वचन मोडलं.

"शेवटचा रकाना," बाई म्हणाली आणि जरा थांबली. "तळमजल्यावर स्वतःहून जिना चढू न शकणारं कोणी राहतं का?"

"नाही लिहा," ताई ताडकन म्हणाली. "आई माझ्याकडे येतेय."

"हो," सुतार पुटपुटला. "कमरेएवढं पाणी म्हणजे..."

आई धाकटीकडे वळल्या. "म्हटलं होतं ना, टेप कपाटात ठेव." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर धाकटीला सोसलं असतं.

"टेप कपाटातच आहे हो आई," तिनं कसंबसं म्हटलं, आणि मग बाईकडे वळून तावातावानं विचारलं, "पुलापाशी पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की गल्लीत यायला किती वेळ लागतो?"

"पाच-सहा तास. नोंदणी केलीत तर फोनवर इशारा येतो."

"सहा तास! आज आईंना खाली आणायला सात मिनिटं लागली, तीही भाऊजींच्या सूचनांसकट!"

"आणि इशारा पहाटे तीनला आला तर?" ताईनं विचारलं. "तुम्ही सगळे वर झोपणार. फोन कोण ऐकणार? ही खाली एकटी. मी इस्पितळात अशी माणसं बघते, तुम्ही बघत नाही."

ताईचं बरोबर होतं, हेच वाईट होतं. आईंनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकवले. "चला, न्या मला वर. चहा छान झाला होता."

"आई खाली झोपणार," कंट्रोलर म्हणाला. "खोलीच्या दाराशी माझी खाट टाका. मी इथं झोपतो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तू?" आई म्हणाल्या. "अरे, तुला पाण्याची भीती वाटते ना?"

"वाटते," कंट्रोलर म्हणाला. बहिणीसमोर, धाकट्या भावासमोर, भावजयीसमोर आणि विमा कंपनीसमोर तो हे पहिल्यांदाच बोलत होता. "चाळीस वर्षं वाटतेय. रेघ रंगवतो ती काय हौसेनं? म्हणून तर म्हणतो. आता खरा आकडा कळलाय, मला काही झोप लागायची नाही. पाणी पुलाला लागलं की सगळ्यात आधी मलाच कळेल."

ताई खाटेला जागा करायला खुर्ची सरकवू लागली. विम्याच्या बाईनं रकान्यात 'हो' लिहिलं, आणि शेजारी बारीक अक्षरात 'सोबत मुलगा'.

आई थोरल्याकडे वळल्या. मग हात लांब करून त्यांनी त्याच्या शर्टाची बाही ओढली, तो खाली वाकेपर्यंत ओढली, आणि त्याच्या टकलावरून हात फिरवला.

"झोप रे," त्या म्हणाल्या. "मी जागी असते."